पांढरी पिकअप आणि पिवळा बिल्ला

वेल्बीच्या शाळेपुढे सकाळी सगळ्यात आधी येतो तो वारा, आणि त्याच्या पाठोपाठ आर्लीस वोसिका. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांवरून वारा रात्रभर चालत येतो, शाळेच्या झेंड्याच्या दोरीशी खेळतो, आणि आर्लीस गाडीतून उतरली की तिच्या टोपीशी भांडायला लागतो. ती एका हाताने टोपी धरते, दुसऱ्या हातात कॉफीचा थर्मास घेते आणि पार्किंगच्या फाटकाशी जाऊन उभी राहते. तिथून पुढे पहिली घंटा होईपर्यंत त्या फाटकातून तिच्या नजरेखालून न जाता एक चाकही आत गेलेलं नाही, असं ती म्हणायची. गेल्या मे महिन्यापर्यंत तरी म्हणायची.

फाटकावर यायच्या आधी तिने या शाळेची बस चालवली. टेकड्यांमधल्या वाळूच्या आणि खडीच्या रस्त्यांवर, बर्फात, धुळीत, विजांच्या कडकडाटात. ज्या पोरांना तिने पहिलीला उचलून बसच्या पायरीवर चढवलं, त्यांचीच पोरं आता पिकअपच्या खिडकीतून तिला हात करतात. पुढे तिचा खांदा धरला. बसचं मोठं चाक फिरवताना हात अर्ध्यातच थांबायला लागला, तेव्हा शाळेने तिला हे फाटक दिलं. काही लोकांना वाटलं, म्हातारीला कोपऱ्यात बसवलं. आर्लीसला तसं वाटलं नाही. बसमध्ये पोरं तिच्या पाठीमागे असायची, आरशातून बघावी लागायची. इथे एकेक समोरून येतं, तोंडावर कालची रात्र घेऊन. कोण रडून आलंय, कोण उपाशी आलंय, कुणाच्या घरी रात्रभर गाय अडली होती, हे तिला गाडी थांबायच्या आत कळायचं.

आमच्याकडे सोळा वर्षांचं पोर गाडी चालवतं, कारण न चालवून सांगतं कुणाला. घरापासून शाळा लांब, मध्ये नुसतं गवत, पवनचक्क्या आणि गुरं. पोरं पहाटे उठून गुरांना चारा घालतात आणि तशीच बूट न बदलता शाळेत येतात. शेवटच्या वर्षाच्या मुलांना पार्किंगमधली आपली जागा रंगवायची मुभा असते. कुणी त्यावर गुरांना तापल्या लोखंडाने द्यायचा आपल्या घराण्याच्या खुणेचा डाग काढतं, कुणी सूर्यफूल, कुणी मेलेल्या कुत्र्याचं नाव. ऑगस्टमधल्या एका शनिवारी सगळी पोरं गुडघ्यावर बसून रंगवत असतात आणि आर्लीस त्यांच्यासाठी जर्दाळू भरलेले कोलाच, म्हणजे गोड पाव, भाजून आणते. वर्षभर त्या रंगावरून चाकं जातात आणि मे येईपर्यंत सगळं पुसट होतं. पुढच्या पोरांना जागा कोरी मिळते.

शेजारच्या गावांच्या शाळा बंद होऊन सगळी पोरं वेल्बीत आली, तेव्हा गाड्या वाढल्या आणि नियम आले. गाडीला परवाना पाहिजे. परवान्याचा बिल्ला आरशाला टांगलेला पाहिजे, मुलांचा निळा, कामावरच्या माणसांचा पिवळा. शाळेच्या वेळात गाडीत जाऊन बसायचं नाही. आणि वर्षातून केव्हाही, न सांगता, हुंगणारा कुत्रा येईल. तो ज्या गाडीपाशी बसेल ती गाडी उघडून दाखवायची. आत दारू, अमली वस्तू, बंदूक काहीही निघालं तर परवाना गेला, थेट वर्ष संपेपर्यंत.

हे नियम शाळेच्या बोर्डापुढे आले त्या दिवशी गुरंवाले चिडले होते. आमच्या पिकअपमध्ये सुऱ्या असतात, वासरांची इंजेक्शनं असतात, तारा कापायच्या कात्र्या असतात, म्हणून आमच्या पोरांना चोर ठरवणार का, असं त्यांचं म्हणणं. कामाची हत्यारं कुलपाच्या पेटीत चालतील असं ठरलं. मग कुणीतरी विचारलं, पिकअप काय पोराच्या एकट्याच्या असतात? बाप चालवतो, काका चालवतो, गडी चालवतो. दुसऱ्याचं काही राहून गेलं तर? तेव्हा मागच्या बाकावरून आर्लीस उठली होती. म्हणाली, बसमध्ये काही सापडलं तर मला विचारत होते, बसला नाही. जो चालवतो तो बघतो. आणि जो नियम गावातल्या भाड्याच्या घरातल्या पोराला, तोच हजार गायीवाल्याच्या पोरीला. सभेने माना डोलावल्या. वाक्य साधं होतं म्हणून तसंच्या तसं नियमात गेलं, की गाडीत जे असेल त्याचा जबाब गाडी आणणाऱ्याने द्यायचा.

आर्लीसला त्या वाक्याचा अभिमान होता. दुसऱ्या कुणाला नसता झाला एवढा होता.

त्या वाक्याखाली पहिला सापडला तो विल्मर. ग्वाटेमालाहून आलेलं त्यांचं कुटुंब. बाप आणि काका गावाबाहेरच्या गुरांच्या छावणीत कामाला, आणि पोराने उन्हाळाभर गवताचे गठ्ठे उचलून एक जुनी लाल मोटार घेतलेली. शरद ऋतूत कुत्रा आला आणि त्या लाल मोटारीच्या डिकीपाशी बसला. आत बियरचे दोन डबे निघाले. विल्मर म्हणाला, काकाचे आहेत, शनिवारी मासे धरायला गेला होता. साक्षीला आर्लीस उभी होती. तिने त्याच्याकडे मायेनेच पाहिलं, पण सांगितलं, बाळा, जो चालवतो तो बघतो. त्याचा बिल्ला तिनेच आरशावरून काढला. दुसऱ्या दिवशी रबराचे बूट घातलेला एक माणूस फाटकाशी आला. त्याला मुख्याध्यापकांना भेटायचं होतं. त्याच्या गाडीला बिल्ला नव्हता, म्हणून आर्लीसने त्याला रस्त्यापलीकडे चर्चजवळ गाडी लावून पुढच्या दाराने जायला सांगितलं. त्याने घड्याळ बघितलं, त्याची पाळी सुरू व्हायची वेळ झाली होती, आणि तो गेला. पुन्हा आला नाही. विल्मरने हिवाळाभर सायकल मारली. बर्फ पडला की तो टोपीवर टोपी घालून यायचा, पापण्यांवर दव गोठलेलं. आर्लीस त्याला थर्मासच्या झाकणातून कॉफी द्यायची. तो घ्यायचा, थँक्यू म्हणायचा, आणि तिच्या मनाला कधी टोचलं नाही. नियम तो नियम.

मग मे महिना आला. टेकड्या हिरव्या झालेल्या, कुरणातले पक्षी खांबाखांबावर बसून गळा मोकळा करत होते. या दिवसांत आमच्याकडे वासरांना डाग द्यायचं काम असतं, आणि ते एकट्याचं काम नव्हे. आज याच्याकडे, परवा त्याच्याकडे, अख्खी आळी जमते. त्या शनिवारी पाळी डेल लिंडक्विस्टच्या घरची होती. डेलला मार्चमध्ये घोड्याने पाडलेलं, खुबा मोडलेला, तो कुंपणाशी खुर्चीवर बसून हुकूम सोडत होता. सगळं काम त्याची मुलगी जोरी अंगावर घेऊन करत होती. जोरी शाळेच्या शेवटच्या वर्षाला. उंच, उन्हाने भाजलेली, बोलायला कमी. रोज पहाटे ती गुरांना चारा घालून, पाण्याच्या टाक्या बघून, आई गावातल्या इस्पितळातल्या रात्रपाळीहून परतायच्या आत बापाला नाश्ता देऊन शाळेला निघायची. त्यांच्या रस्त्यावर बस कधीच बंद झालेली. तिची पिकअप होती म्हणून घर चालत होतं आणि शाळाही.

कुरणात त्या दिवशी पिकअप ओळीने उभ्या. किल्ल्या आतच. आमच्याकडे किल्ली काढली तर शेजारी विचारतो, आमच्यावर भरवसा नाही का? कुणाची गाडी वाटेत आली तर जो जवळ असेल तो चढतो आणि हलवतो. आणि अर्ध्या पिकअप पांढऱ्या, एकाच कंपनीच्या, एकाच धुळीने माखलेल्या. संध्याकाळी धुराने आणि थकव्याने डोळे मिटत असताना आर्लीसचा नवरा एमिल एका पांढऱ्या पिकअपमध्ये बसून घरी आला, आणि जोरी दुसऱ्या पांढऱ्या पिकअपमध्ये जेवणाची भांडी घालून कुरणातून घराकडे गेली. ती पिकअप एमिलची होती, आणि एमिलने नेली ती जोरीची.

रविवारी जोरीच्या लक्षात आलं. बापाला सांगितलं, तर डेल म्हणाला, बुधवारी गुरांच्या बाजारात भेटेलच एमिल, तेव्हा बदलून घेऊ. यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. असं दर डागणीला कुणाचं तरी होतं.

एमिलच्याही लक्षात आलं होतं. पण त्याने आर्लीसला सांगितलं नाही. पिकअप गोठ्यामागे लावली आणि गप्प बसला. का, ते पुढे येईलच.

सोमवारी सकाळी आर्लीस नेहमीसारखी आपल्या छोट्या गाडीने आली. हिवाळ्यात बर्फ असला की ती एमिलची पिकअप घेऊन यायची, आणि तिचा पिवळा बिल्ला तेव्हापासून त्या पिकअपच्या आरशालाच लटकत होता. ज्या बाईने सगळ्यांचे बिल्ले बघायचे तिचा बिल्ला कोण बघणार? पोरं एकेक येत होती. जोरी तिच्या वेळेला आली. पांढरी पिकअप, खिडकीत जोरीचा चेहरा, आरशाला काहीतरी टांगलेलं. आर्लीसने हात केला. जोरीनेही हसून हात केला, कारण तिला वाटलं, बाईंना माहीत आहेच की आपली गाडी कुणाकडे आहे. पांढरी पिकअप आत गेली. हिवाळाभर जी गाडी तिने रोज स्वतः त्या फाटकातून नेली होती, ती तिच्या डोळ्यांना दिसलीच नाही. घरातली भिंत दिसत नाही तशी.

आणि त्या दिवशी कुत्रा आला.

पिवळ्या रंगाची लॅब्राडोर कुत्री होती, बिस्किट नावाची, आणि तिला घेऊन फिरणारी एक गोड बोलणारी बाई. कुत्री ओळीओळीने शेपूट हलवत चालली, जशी काही आपल्या नातेवाइकांना भेटते आहे. मुख्याध्यापक गॅडेके सर मागे. तेच आमच्या शाळांच्या बोर्डाचे अधीक्षकही आहेत. लहान गावात एकाच माणसाच्या डोक्यावर दोन टोप्या असतात. साक्षीला आर्लीस. तिसऱ्या ओळीत जोरीच्या जागेवर, जिथे लिंडक्विस्टांचा डाग आता अर्धा पुसला होता, कुत्री थांबली, नाक दाराच्या फटीला लावलं आणि शांतपणे बसली.

 ही पोर असली नाही, हे आर्लीसला शपथेवर सांगता आलं असतं. पण तिने कधी कुणासाठी शपथ घेतली नव्हती.

जोरीला वर्गातून बोलावलं. ती आली, दार उघडलं. कुलूप नव्हतंच. आणि तेव्हा आर्लीसला पुढचा कप्पा दिसला, मोडलेल्या झाकणाला निळ्या सुतळीची गाठ मारलेला. ती गाठ तिची होती. जानेवारीत, हात थंडीने बधिर झालेले असताना, तिनेच मारलेली. तिने मान वर केली. आरशाला पिवळा बिल्ला हलत होता.

गॅडेके सरांनी सीटची पाठ पुढे ओढली. मागे चौकटीच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळलेली काचेची बरणी होती. रानचेरीची घरची वाइन, अर्ध्याहून कमी, झाकण नीट न लागलेलं. सदरा आर्लीसने पुसायच्या फडक्यांत टाकलेला होता. डॉक्टरांनी एमिलच्या छातीला हात लावून सांगितलेलं होतं, आता एक थेंब नाही. आणि एमिलने आर्लीसच्या हाताला हात लावून सांगितलेलं होतं, नाही.

सरांनी विचारलं, "जोरी, हे कुणाचं?"

जोरीने आर्लीसकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे आर्लीसला कळलं. ती पोर पिकअपच्या टायरकडे बघत उभी राहिली, आणि म्हणाली, "गाडी मी आणलीय, सर."

तेवढंच. शेजाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे त्या घरात पोरांना चालायला शिकवायच्या आधी शिकवतात. परवाना गेला तर पहाटेचा चारा कोण घालणार, गावात कुणाच्या घरी राहावं लागणार, हे सगळं तिला त्या क्षणी दिसत असणार, आणि तरी तिने टायरकडे बघत राहायचं ठरवलं होतं.

"सर, ही पिकअप आमची आहे," आर्लीस म्हणाली. "बरणीही आमच्या घरची. सदराही."

कुत्रीवाल्या बाईने दुसरीकडे बघितलं. बिस्किटला तिचा खाऊ मिळाला.

गॅडेके सर चांगला माणूस आहे. त्यांनी आपल्या खोलीत दोघींना बसवलं, पाणी दिलं, आणि मग फार वाईट वाटतंय अशा आवाजात सांगितलं की नियम गाडी कुणाची हे विचारत नाही. आणणाऱ्याला विचारतो. "हे तुम्हीच बोर्डापुढे म्हणाला होतात, आर्लीस. मला अजून तुमचा आवाज आठवतो."

"मलाही," आर्लीस म्हणाली.

मग तिने सांगितलं की निळा बिल्ला नसलेली गाडी मुलांच्या पार्किंगमध्ये येऊच द्यायची नसते, आणि ती येऊ दिली तिने. जोरीला फाटकातच अडवली असती तर गाडी चर्चजवळ उभी राहिली असती आणि कुत्रीने तिच्याकडे बघितलंही नसतं. चूक आधी फाटकावर झाली, मग सीटमागे. सरांनी पेनला टोपण लावलं. म्हणाले, हे माझ्या एकट्याच्या हातात नाही. गुरुवारी बोर्ड बसतंय. तोवर जोरीने गाडी आणायची नाही.

बाहेर आल्यावर जोरी म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल, मिसेस वोसिका. तुम्ही हात केलात."

"मी तुला हात केला. गाडीला नाही."

पोरीला हसू आलं, आणि ते तिने दाबलं नाही.

घरी गेल्यावर आर्लीसने एमिलला हाक मारली नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो चौकटीचा सदरा नीट घडी घालून ठेवला आणि बटाटे सोलायला बसली. एमिल आत आला, टोपी काढली, सदरा बघितला, आणि टोपी पुन्हा घातली.

"थोडीच होती," तो म्हणाला.

"थोडी होती हे कुत्रीला कुणी सांगितलं नाही."

तो बसला. त्याने सगळं सांगितलं, की डागणीच्या दिवशी सगळे जुने सोबती, त्यांच्याबरोबर एक घोट, मग आणखी एक, मग बरणी सीटमागे. गाड्या बदलल्याचं कळलं तेव्हा सांगायला गेलो असतो तर तू म्हणाली असतीस, चल आत्ताच बदलून आणू, आणि बरणी तुझ्या हाताला लागली असती. म्हणून बुधवारपर्यंत गप्प बसणार होतो. आर्लीस ऐकत होती. तिला राग आला होता, पण रागाच्या खाली दुसरंच काही होतं आणि ते वर येत होतं. हेच तर विल्मर म्हणाला होता. शनिवारी काका गेला होता. राहून गेलं.

"उद्यापासून पहाटे लिंडक्विस्टांकडे तू जायचंस," ती म्हणाली. "चारा घालायचास. मग जोरीला शाळेत सोडायचंस. गुरुवारपर्यंत."

"पहाटे?"

"गायींना तुझ्या छातीचं माहीत नाही. हळू हळू घाल."

एमिल गेला, आणि कुरकुर न करता गेला. जोरी नंतर सांगत होती की पहिल्या दिवशी त्याने अर्ध्या गायींना दोनदा चारा घातला आणि उरलेल्या रागाने कुंपण हलवायला लागल्या. तिसऱ्या दिवशी डेल खुर्ची घेऊन बाहेर आला आणि दोघे म्हातारे एकमेकांना शिव्या देत, हसत सूर्य वर येईपर्यंत बसले. बुधवारी गुरांच्या बाजारात कुणीही गाडी बदलायला गेलं नाही. पांढरी पिकअप तोवर एमिलच्या दारात परत आलेली होती आणि दुसरी डेलच्या.

गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या जेवणघरात बोर्ड बसलं. बातमी गावभर झालेली, म्हणून बाकं भरली होती. गॅडेके सरांनी झालं ते जसंच्या तसं सांगितलं, मग आर्लीस उठली. बोलायची तिला सवय होती, पण या वेळी तिने आधी थर्मासचं झाकण दोनदा उघडलं आणि लावलं.

ती बोलायच्या आत ड्वेन क्रॉस बोलला. बोर्डावरचा जुना माणूस, जिभेने तिखट. "आर्लीस, शरदात त्या पोराच्या वेळी नियम म्हणजे नियम होता. आता तुझ्या घरातली बरणी निघाली म्हणून सैल करायचा का?"

बाकांवरच्या माना मागे वळल्या. मागे दाराशी विल्मर उभा होता, सायकलचं हेल्मेट हातात. त्याला कुणी बोलावलं होतं, तर आर्लीसनेच.

"हो, ड्वेन," ती म्हणाली. "माझ्या घरातली निघाली तेव्हाच मला दिसलं. आधी दिसायला पाहिजे होतं. त्या पोराने सांगितलं होतं, काकाचे डबे आहेत. काका दुसऱ्या दिवशी फाटकाशी आला होता, आपल्या तोंडाने सांगायला. मी त्याला परत पाठवलं, बिल्ला नाही म्हणून. माझ्या पिकअपला बिल्ला होता, म्हणून मी आज तुमच्यापुढे उभी आहे. त्याला कुणी उभं राहू दिलं नाही."

  मग तिने मागणं सांगितलं, फार लांबवलं नाही. ज्याची वस्तू असेल त्याने येऊन सांगितलं, आणि मुख्याध्यापकांना ते पटलं, तर शिक्षा त्याला. पोराला नाही. मोठ्या माणसाची असेल तर मोठ्या माणसाला. तिच्या घरची होती, तर तिचा पिवळा बिल्ला काढून घ्यावा, वर्ष संपेपर्यंत. आणि विल्मरचा निळा परत द्यावा, काकाला विचारून.

काका आलेलाच होता. रबराच्या बुटांतच, छावणीवरून थेट. तो उभा राहिला, टोपी छातीशी धरली, आणि तुटक बोलीत म्हणाला, डबे माझे, मासेही मीच खाल्ले. जेवणघर हसलं. ड्वेनसुद्धा. बोर्डाने थोडी कुजबुज केली, एका सभासदाने खोट्या काकांची भीती बोलून दाखवली, गॅडेके सरांनी सांगितलं की खोटे काका आम्हाला ओळखू येतील, गाव तेवढंच आहे. हात वर झाले. ठरलं.

बाहेर पडताना आर्लीसने विल्मरला सांगितलं, उद्या बिल्ला घ्यायला ये. त्याने हेल्मेट डोक्यावर चढवलं.

"बघतो, मिसेस वोसिका," तो म्हणाला. "पायांना आता सवय झालीय. पण कॉफी चालू ठेवा."

तिने त्याचा हात धरला. माफी मागायची होती ती सगळ्यांपुढे मागून झाली होती. उरलेली ती रोज सकाळी झाकणात ओतणार होती.

आता आर्लीसला शाळेच्या आवारात गाडी लावता येत नव्हती. छोटी गाडी रस्त्यापलीकडे चर्चजवळ लावता आली असती, पण जोरीने सांगितलं, माझा रस्ता तुमच्या दारावरूनच जातो. म्हणून मे महिन्याच्या उरलेल्या सकाळी वोसिकांच्या दारात पांढरी पिकअप थांबायची, या वेळी लिंडक्विस्टांची, निळ्या बिल्ल्याची. आर्लीस दुखऱ्या खांद्याकडचं दार उघडून चढायची, थर्मास मांडीवर. वाटेत फारसं बोलणं नसायचं. घरी किंवा कुंपणाशी भेटली की जोरी तिला नुसतं आर्लीस म्हणायची, शाळेत मिसेस वोसिका, आणि ते बदलायचं ठिकाण म्हणजे शाळेआधी रस्त्यात बसवलेली लोखंडी गजांची जाळी, जी गुरं ओलांडत नाहीत आणि जिच्यावर चाकं खडखडतात.

टेकड्यांवर नुकतं ऊन उतरलेलं असायचं. गवतातून वारा पुढे पळायचा आणि यांची वाट बघत शाळेच्या फाटकाशी जाऊन बसायचा. तिथे पोचलं की जोरी थांबायची. आर्लीस उतरायची, टोपी धरायची, गाडीच्या पुढून वळसा घालून खिडकीशी यायची आणि आरशाकडे बघायची. निळा बिल्ला. मग कप्पा, मग सीट, मग जोरीचा चेहरा, जसं काही आज प्रथमच बघते आहे.

"सीटमागे काय आहे?"

"एमिलनी दिलेला अंड्यांचा ट्रे, मिसेस वोसिका. आईसाठी."

"एमिलने दिला असेल तर दाखव."

जोरी सीट पुढे ओढायची. अंडीच असायची. आर्लीस मान हलवायची, आणि पिकअप आत जायची. तिच्या मागून पुढची येत असायची. एका सकाळी त्या ओळीत धुळीने माखलेली एक जुनी लाल मोटारही होती, आणि तिच्या मागच्या खिडकीतून सायकलचं चाक बाहेर डोकावत होतं. आर्लीसने थर्मासचं झाकण काढलं.